घरातले प्लास्टिक आणि आपली जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या प्लास्टिककडे एकदा लक्ष गेले की काही प्रश्न हटकून पडतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्या मुद्द्यांवर गैरसमज जास्त आहेत, ती उत्तरे लांबली आहेत. बाकीची थोडक्यात आटोपली आहेत.

प्लास्टिक कमी करायचे ठरवले आहे. सुरुवात कुठून करावी आणि आधी काय विकत घ्यावे?

आधी काहीही विकत घेऊ नये. एक आठवडाभर घरात निघणारे सगळे टाकाऊ प्लास्टिक कचऱ्यात न टाकता एका मोठ्या पोत्यात साठवावे. जे चिकट किंवा ओले असेल ते विसळून आणि वाळवून मग पोत्यात टाकावे. या आठवड्यात वागण्यात मुद्दाम कोणताही बदल करू नये, कारण आपल्याला आपले रोजचे वागणे पाहायचे आहे, चांगले वागून दाखवायचे नाही. आठव्या दिवशी पोते जमिनीवर रिकामे करावे, सारख्या वस्तूंचे ढीग लावावेत आणि प्रत्येक ढिगातल्या वस्तू मोजून एका कागदावर लिहून काढाव्यात.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा सर्वात मोठा ढीग बाटल्यांचा निघेल अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात बाटल्या मोजक्याच निघाल्या आणि ढीग झाला तो पातळ वेष्टनांचा. त्यातही ज्याने मला खरोखर विचारात पाडले ते होते पिशव्यांचे कापलेले कोपरे. कात्रीने पिशवी उघडताना तिचा नखाएवढा त्रिकोणी तुकडा सुटतो, तो ओट्यावर पडतो, फडक्याबरोबर मोरीत जातो आणि आपण त्याची कधी दखलही घेत नाही. सात दिवसांत असे मूठभर तुकडे जमले होते. पिशवी मोठी असो वा लहान, तिला तिरकी चीर देऊन कोपरा पिशवीलाच लटकता ठेवला तर तो सुटत नाही, आणि यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. बदल असाच, आपल्या घरातल्या ढिगाकडे पाहून सुचला पाहिजे. दुसऱ्याने लिहिलेली यादी दुसऱ्याच्या घराची असते.

इतके प्लास्टिक आपल्या घरांत आले तरी केव्हा?

पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक, म्हणजे बेकेलाइट, लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केले. आज पिशव्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिथिलीन १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच हाती लागले. मात्र खरी वाढ दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. १९५० मध्ये जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत असे. २०१५ पर्यंत तो आकडा सुमारे ३८ कोटी टनांवर गेला.

हातात धरायच्या प्लास्टिक पिशवीची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. स्वीडनचे अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या रचनेला १९६५ मध्ये पेटंट मिळाले. ही पिशवी कागदी पिशवीपेक्षा टिकाऊ होती आणि ती पुन्हा पुन्हा वापरली जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. ते स्वतः घडी घातलेली पिशवी खिशात बाळगत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. वस्तू टिकाऊ होती. ती एकदाच वापरून टाकण्याची सवय आपण नंतर लावून घेतली.

वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो. त्याचा अर्थ ही वस्तू पुनर्वापरात जाते असाच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत सुरू केली, ती प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. १ म्हणजे पेट (PET) नावाचे प्लास्टिक, ज्याच्या पाण्याच्या बाटल्या असतात. २ म्हणजे जाड, टणक पॉलिथिलीन, ज्याचे साबणद्रवाचे आणि तेलाचे कॅन बनतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे पातळ, लवचीक पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन (थर्माकोल हा त्याचाच फुगवलेला प्रकार), आणि ७ म्हणजे वरीलपैकी कशातच न बसणारे सगळे. सर्वसाधारणपणे १ आणि २ या आकड्यांच्या वस्तूंना बऱ्यापैकी मागणी असते, ५ ला काही ठिकाणी असते, आणि ३, ६ व ७ यांना घेणारा क्वचितच भेटतो. आपल्या भागात नेमके काय उचलले जाते हे कचरा नेणाऱ्या माणसाला विचारावे. त्रिकोणाला विचारून ते कळत नाही.

आम्ही सगळे प्लास्टिक धुऊन, वेगळे करून देतो. मग काळजीचे कारण काय उरते?

वेगळे करून देणे आवश्यकच आहे आणि ते थांबवू नये. परंतु त्यामुळे प्रश्न सुटला असे मानून आपण निश्चिंत होतो, आणि ही निश्चिंती आकडेवारीला धरून नाही. रोलँड गेयर, जेना जॅम्बेक आणि कारा लॉ यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात एकूण सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यापैकी सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यातला जेमतेम ९ टक्के भाग पुनर्प्रक्रियेत गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के भाग कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला.

असे का होते, हे घरच्या घरी पाहता येते. बाटलीचे झाकण आणि बाटलीचाच कापलेला एक तुकडा पाण्याने भरलेल्या पातेल्यात टाकावा. झाकण तरंगते, तुकडा तळाशी जातो. एकाच वस्तूचे हे दोन भाग दोन वेगवेगळ्या प्लास्टिकचे आहेत. एकाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे, दुसऱ्याची जास्त. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतही प्लास्टिकचा चुरा पाण्याच्या टाक्यांत टाकून याच तत्त्वावर वेगळा केला जातो, कारण वेगवेगळी प्लास्टिक एकत्र वितळवली तर ती एकजीव होत नाहीत आणि तयार होणारा माल ठिसूळ निघतो.

आता चकचकीत पाकिटाचा विचार करावा. त्याच्या पातळ पापुद्र्यात पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिलीन असे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. पदार्थ कुरकुरीत राहावा म्हणून केलेली ही रचना उत्तमच आहे, पण ते थर पुन्हा सुटे करणे इतके खर्चिक आहे की सहसा कोणी त्या वाटेला जात नाही. काळ्या रंगाच्या ट्रेंची अडचण निराळीच आहे: वर्गीकरण करणारी यंत्रे परावर्तित होणाऱ्या अवरक्त किरणांवरून प्लास्टिकचा प्रकार ओळखतात आणि काळा रंग देणारी काजळी ते किरण शोषून घेते, म्हणून तो ट्रे यंत्राला दिसतच नाही. लहान तुकडे चाळण्यांतून गळून जातात; ते कापलेले कोपरे त्यातलेच.

शिवाय प्लास्टिक दर वेळी वितळवताना त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि त्याचा कस उतरतो. पाण्याच्या बाटलीचा अनेकदा पॉलिएस्टरचा धागा होतो, त्या धाग्याचे कापड होते आणि त्या कापडाचे पुढे काही होत नाही. म्हणून वेगळे करून देणे हा शेवटचा उपाय समजावा. वस्तू घरात न येणे आणि आलेली वस्तू पुष्कळ दिवस वापरली जाणे, या दोन गोष्टी त्याच्या आधी येतात.

पुसटशी शंका असेल तर वस्तू पुनर्वापराच्या पिशवीत टाकावी की साध्या कचऱ्यात?

साध्या कचऱ्यात. ‘होईल काहीतरी त्याचे’ या आशेने टाकलेली एक तेलकट पिशवी सोबतचे चांगले प्लास्टिकही खराब करते आणि ते निवडणाऱ्या माणसाच्या हाताला लागते.

प्लास्टिक कुजत नाही, मग त्याचे शेवटी होते काय?

ते लहान होत जाते. कपडे वाळत घालण्याचा जुना प्लास्टिकचा चिमटा हातात घेऊन पाहावा. वर्षभर उन्हात राहिलेल्या चिमट्याचा रंग उडालेला असतो, पृष्ठभागावर पांढरट भुकटी आलेली असते आणि बोटाने दाबताच तो कडकन मोडतो. मोडलेल्या कडेवरून बोट फिरवले तर बोटाला धुळीसारखे काही लागते. उन्हातली अतिनील किरणे आणि हवेतला प्राणवायू यांनी त्या प्लास्टिकच्या साखळ्या तोडलेल्या असतात. ती धूळ म्हणजे प्लास्टिकच. झाडाचे पान मातीत मिसळते तसे ते मातीत मिसळत नाही, फक्त डोळ्यांना दिसेनासे होते.

५ मिलिमीटरपेक्षा लहान अशा कणांना आज सूक्ष्म प्लास्टिक म्हटले जाते. रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या अशा कणांवर जो लेख लिहिला, त्यानंतर हा शब्द रूढ झाला. हे कण समुद्राच्या सर्वात खोल गर्तांमध्ये आणि उंच पर्वतांवरच्या बर्फात सापडले आहेत. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी माणसाच्या रक्तातही प्लास्टिकचे कण आढळल्याचे नोंदवले. शरीरावर त्यांचा नेमका परिणाम काय होतो यावर संशोधन सुरू आहे. मात्र एकदा पसरलेले हे कण गोळा करून परत आणण्याचा कोणताही व्यवहार्य मार्ग नाही, आणि सावध होण्यासाठी माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

कपड्यांतही प्लास्टिक असते हे खरे आहे का?

खरे आहे, आणि घरातल्या प्लास्टिकची मोजणी करताना बहुतेक जण नेमके हेच विसरतात. पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक ही सगळी प्लास्टिकच आहेत. जगात दरवर्षी तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक एकटे पॉलिएस्टर असते. असे कपडे धुताना त्यांचे अतिसूक्ष्म तंतू सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. कपडा नवा असताना ते सर्वाधिक सुटतात. यंत्रात कपडे भरपूर असताना, थंड पाण्यात आणि कमी वेळाच्या फेरीत धुतल्यास हे प्रमाण घटते. जो कपडा अंगावर घालून मळलेला नाही, तो केवळ सवयीने धुवायला टाकू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नवीन कपडे कमी घ्यावेत. याला पर्याय नाही.

प्लास्टिकच्या डब्यात अन्न ठेवणे कितपत योग्य आहे?

कोरडे आणि थंड अन्न अन्नासाठीच बनवलेल्या चांगल्या डब्यात ठेवायला हरकत नाही. अडचण उष्णता आणि तेलाची आहे. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थामुळे प्लास्टिकमधली रसायने अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. म्हणून गरम पदार्थ काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावा, मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक घालू नये आणि चरे पडलेला, धुरकट झालेला डबा अन्नासाठी वापरणे बंद करावे. बिस्फेनॉल-ए (बीपीए) या रसायनाच्या शंकेमुळे युरोपीय संघाने २०११ मध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. याच शंकेमुळे ‘बीपीए नाही’ असे शब्द डब्यांवर दिसतात. मात्र त्याच्या जागी बहुधा त्याच कुळातली दुसरी रसायने आलेली असतात, त्यामुळे त्या शब्दांवर विसंबून गरम अन्न प्लास्टिकमध्ये ओतू नये.

मग घरातले सगळे प्लास्टिकचे डबे काढून टाकावेत आणि काच-स्टील आणावे का?

अजिबात नाही. जो डबा आज धड आहे तो तयार करण्यासाठी लागलेले तेल, वायू आणि वीज खर्च होऊन गेलेली आहे. तो फेकल्याने त्यातले काहीच परत येत नाही. उलट एक डबा कचऱ्यात जातो आणि नवा बनवण्यासाठी नव्याने ऊर्जा लागते. अन्नासाठी नकोसा झालेला डबा खिळे, सुया-दोरे, बियाणे किंवा विजेच्या तारा ठेवायला वर्षानुवर्षे चालतो. बदल वस्तू मोडल्यावर करावा. एका रविवारी सगळे कपाट रिकामे करून एकसारख्या काचेच्या बरण्या मांडल्या की स्वयंपाकघर देखणे दिसते खरे, पण पर्यावरणाच्या हिशेबात तो खर्चच असतो.

कापडी पिशवी नेहमीच चांगली असते ना?

ती किती वेळा वापरली जाते त्यावर ते ठरते. कापूस पिकवण्यासाठी पाणी, खते आणि जमीन लागते, सूत काढायला आणि विणायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. हा आकडा ऐकून कापडी पिशवीच वाईट, असे काही जण सांगतात. ते चुकीचे आहे, कारण या तुलनेत निसर्गात पसरलेल्या प्लास्टिकचे नुकसान नीट धरलेले नाही. पण १३१ म्हणजे आठवड्यातून एकदा बाजार केला तर अडीच वर्षे. एक पिशवी अडीच वर्षे सहज टिकते. प्रत्येक समारंभात भेट मिळालेल्या आणि कपाटात साठलेल्या वीस पिशव्यांपैकी मात्र एकीचाही हिशेब पूर्ण होत नाही. घरात आधीपासून असलेली पिशवी, मग ती कशाचीही असो, दाराशेजारी खुंटीला टांगून ठेवावी, म्हणजे निघताना ती हातासरशी सापडते.

‘जैवविघटनशील’ असे लिहिलेली वस्तू घेतली तर चालेल का?

त्या शब्दावर विश्वास टाकण्यापूर्वी कुठे आणि किती दिवसांत विघटन होते, हे विचारावे. मक्यासारख्या पिकांपासून बनणारे पीएलए हे प्लास्टिक कुजते, पण त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान टिकवणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. घरच्या खताच्या कुंडीत ते जसेच्या तसे राहते. प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जैवविघटनशील म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे मातीत पुरल्यानंतरही सामान वाहून नेण्याइतकी मजबूत राहिली होती.

घराच्या मागे थोडे प्लास्टिक जाळले तर काय बिघडते?

बिघडते, आणि सर्वात आधी जाळणाऱ्याचेच बिघडते. उघड्यावरच्या अर्धवट ज्वलनातून काजळी आणि विषारी वायू निघतात. पीव्हीसी जळाल्यास हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. शेकोटी पेटवण्यासाठीही प्लास्टिक वापरू नये.

प्लास्टिक पूर्णपणे टाळणे हेच ध्येय असावे का?

माझे उत्तर नाही असे आहे. इंजेक्शनची सिरिंज, सलाईनची नळी, ऐकण्याचे यंत्र, विजेच्या तारेवरचे आवरण या गोष्टी प्लास्टिकमुळे सुरक्षित आणि अनेकांच्या आवाक्यात आल्या आहेत. ज्याचे हात थरथरतात त्याच्यासाठी वाकणारी स्ट्रॉ ही चैन नसून गरज असते, आणि त्याला इतरांनी नावे ठेवणे क्रूरपणाचे आहे. ज्या वस्तूचा उपयोग काही मिनिटे होतो आणि जिचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या उरतो, तिथेच आपला सगळा जोर लावावा. त्या आठवड्याच्या ढिगात अशा वस्तू आपोआप वेगळ्या दिसतात.

कंपन्या एवढे प्लास्टिक बनवत असताना माझ्या एकट्याच्या करण्याने काय होणार?

या प्रश्नामागची चीड रास्त आहे आणि ती दाबून टाकू नये. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील मिंडेरू फाउंडेशन या सेवाभावी संस्थेच्या अहवालानुसार जगातल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या निम्म्याहून अधिक कचऱ्याचा कच्चा माल अवघ्या २० कंपन्यांकडून येतो. अमेरिकेत १९५३ मध्ये ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही स्वच्छतेचा प्रचार करणारी संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेत डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांचाच पुढाकार होता. कचरा हा टाकणाऱ्याचा दोष आहे असे लोकांच्या मनावर ठसले की बनवणाऱ्याकडे बोट जात नाही. घरात अपराधी वाटून कुढत बसणारा माणूस या कंपन्यांच्या सोयीचाच ठरतो.

तरीही घरातले काम मी सोडत नाही, त्याचे कारण असे की त्या कामातूनच नेमके काय मागायचे ते कळते. ज्याने आपला ढीग मोजला आहे तो दुकानदाराला सांगू शकतो की या वस्तूला दोन वेष्टने आहेत, त्यातले बाहेरचे नको. तो उत्पादकाला लिहू शकतो की पुन्हा भरून देण्याची सोय करा. तो गृहसंस्थेच्या बैठकीत, नगरसेवकापुढे किंवा ग्राहक संघटनेत मोघम न बोलता वस्तूंची नावे घेऊन बोलतो. प्लास्टिकवरील जागतिक करार करण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबीत केला. त्या करारासाठीच्या वाटाघाटींची ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हाची फेरीही सहमतीविना संपली, आणि वादाचा एक मोठा मुद्दा उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही हाच होता. अशा ठिकाणी सरकारे काय भूमिका घेतात हे मायदेशी लोक किती आग्रहाने विचारतात त्यावर बरेच अवलंबून असते. व्यक्तीची जबाबदारी घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही, आणि सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावरही नाही.

घरातली बाकीची माणसे साथ देत नसतील तर काय करावे?

उपदेश करू नये. त्याने माणसे आडमुठी होतात. ढीग पसरायच्या दिवशी त्यांना नुसते बोलवावे आणि मोजायला बसवावे. मुले मोजणीत रमतात आणि मोठ्यांना न दिसलेल्या गोष्टी दाखवतात. एका वेळी एकच बदल ठरवावा, तो अंगवळणी पडेपर्यंत दुसरा काढू नये, आणि ज्याच्या कामाला त्या बदलाने तोशीस लागणार आहे त्याचेच म्हणणे आधी ऐकावे. बहुतेक घरांत स्वयंपाक आणि साफसफाई एकाच व्यक्तीच्या अंगावर असते. डबे घासणे, पिशव्या धुणे, सुटे सामान आणणे हे जादा कामही तिच्याच वाट्याला गेले तर ती चळवळ महिनाभरही टिकणार नाही, आणि टिकूही नये. काम आधी वाटून घ्यावे.

पुन्हा मोजणी केव्हा करावी?

तीन महिन्यांनी, तितक्याच दिवसांची आणि त्याच पद्धतीने. पहिला कागद जपून ठेवलेला असावा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिता येतात. एखादा ढीग नाहीसा झालेला असेल, एखादा होता तेवढाच असेल. जो प्रयत्न करूनही हलला नाही, त्यातली एक वस्तू उचलावी, तिच्यावर छापलेला उत्पादकाचा ग्राहक-तक्रारीचा पत्ता शोधावा आणि तीन महिन्यांत तशा किती वस्तू घरात आल्या तो आकडा लिहून त्याला पत्र पाठवावे.